अजीजभाईंचं चुकलेलं माप

अजीजभाईंनी आयुष्यात एकच माप चुकीचं घेतलं, आणि ते एका कुत्र्याचं होतं. हे त्यांनी स्वतःच मला सांगितलेलं आहे. बाकीचं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

आम्ही भोसरीत राहायला गेलो ते सन त्र्याहत्तरला. आमचे हे दौलतरावांच्या वर्कशॉपात हजेरीपत्रक लिहायचं काम करत. वर्कशॉपच्या मागच्या भिंतीला लागून दौलतरावांनी पत्र्याच्या चार खोल्या काढल्या होत्या, कामाची माणसं हाताशी असावीत म्हणून. पहिली खोली आमची, दुसरी अजीजभाईंची. मध्ये विटेची पातळ भिंत. पलीकडे पहाटेच्या नमाजाची हालचाल ऐकू आली की मी उठायची, आणि माझ्या पूजेची घंटी वाजली की झुलेखाभाभी मुलींना शाळेसाठी उठवायच्या. दोन्ही घरांत घड्याळ एकच होतं आणि तेही बंद पडलेलं.

अजीजभाई मूळचे बार्शीचे. चौदाव्या वर्षी तिथल्या एका गिरणीत तेल पुसायला लागले, मग पिंपरीला एका मोठ्या कंपनीत झाडलोट, मग तिथल्या इन्स्पेक्शनच्या साहेबांनी त्यांची नजर पाहून हातात मापाची हत्यारं दिली. शिक्षण सातवी. दौलतरावांनी त्यांना तिथून मागून आणलं होतं. वर्कशॉपात तयार झालेला प्रत्येक जॉब, म्हणजे मशीनवर केलेला लोखंडी भाग, त्यांच्या टेबलावरून जायचा. बरोबर असला की हिरवी चिठ्ठी. मापापेक्षा जास्त जाड राहिला असला की पिवळी, म्हणजे परत मशीनवर चढवून कमी करा. आणि कमी झाला असला की लाल, म्हणजे भंगार. त्यांची चिठ्ठी कुणी बदलून मागत नसे. दौलतरावांच्या सख्ख्या मेव्हण्याने केलेले चाळीस जॉब त्यांनी एकदा लाल चिठ्ठीत घातले होते. मेव्हणा महिनाभर त्यांच्याशी बोलला नाही, पण जॉब भंगारातच गेले.

त्यांचा व्हर्नियर, म्हणजे बारीक माप घ्यायचं हत्यार, लाकडी पेटीत, हिरव्या फडक्यात गुंडाळलेला असे. तो काढण्याआधी हात धुवायचे, पुसायचे, आणि थोडं थांबायचे. मी एकदा विचारलं की थांबता कशाला. ते म्हणाले, हाताची ऊब लागली तरी लोखंड फुगतं, वहिनी. मला ते फार आवडलं होतं. देवघरात जायच्या आधी आपणही क्षणभर थांबतोच की.

दौलतराव भोसरी गावातलेच. आधी स्वतः टर्नर होते, एका लेथवर दिवसरात्र काम करून वर आलेले. त्याचं मला कौतुक होतं, ते खोटं कशाला सांगू. पण पैसा आल्यावर माणसाला काहीतरी मिरवायला लागतं. सत्याहत्तरच्या जानेवारीत ते पुण्याच्या कॅम्पातून अल्सेशियन कुत्र्याचं पिल्लू घेऊन आले. त्याचं नाव सीझर. त्याच्या बापाने म्हणे प्रदर्शनात कप मिळवला होता. दौलतरावांनी ऑफिसातलं एक फडताळ तेव्हाच रिकामं करून ठेवलं.

मला कुत्र्याची हौस नव्हती. उलट किळस होती. त्याच्यासाठी मागच्या शेडमध्ये रोज मटणाची छाटणं शिजायची आणि तो वास माझ्या पोळ्यांना लागायचा. तो दिसेल त्याला चाटत सुटायचा. मी पदर सावरून लांबून जायची. सकाळी एवढं दूध, चार अंडी, दुपारी मटण, वर टॉनिकच्या गोळ्या. दौलतराव येणाऱ्या पार्टीसमोर त्याच्या पाठीची कातडी चिमटीत धरून दाखवायचे, जशी बाजारात म्हैस दाखवतात. कामगार म्हणायचे, हा आपला नवीन ॲप्रेंटिस, कामावर यायच्या आधीच ओव्हरटाइम घेतो.

आषाढात शेजारच्या वर्कशॉपचे मालक सोपानराव आले. त्यांच्याकडेही त्याच जातीचा कुत्रा होता आणि त्याला कप मिळालेला होता. त्यांनी सीझरकडे बघून चहाचा घोट घेतला आणि म्हणाले, "दौलतराव, कुत्रं पाळलंय का वासरू? आठव्या महिन्यात हे एवढं, म्हंजे पुढं घोडा व्हनार. सव्वीस इंचाच्या वर गेला की शोमदी बाद करत्यात."

एवढंच. पण दौलतरावांच्या ते जिव्हारी लागलं. सोपानराव फाटकाबाहेर पडत नाहीत तोच त्यांनी अजीजभाईंना बोलावलं आणि कुत्र्याचं माप घ्यायला सांगितलं.

मी तेव्हा मागच्या नळावर भांडी घासत होते. शिफ्ट सुटायची वेळ, सगळे कामगार जमले. अजीजभाईंनी उभा गज आणि त्यावर सरकणारी पट्टी आणली. कोंडीराम वॉचमनने कुत्र्याला धरलं. सीझरला वाटलं खेळ आहे, तो मान उंच करून शेपूट हलवत उभा राहिला. जॉबची उंची घेताना त्याचं सर्वांत वरचं टोक धरतात. डोकं तर हलतं, म्हणून अजीजभाईंनी ते सोडलं आणि मानेवर पट्ट्यापाशी, केस फुललेले असतात तिथे, पट्टी टेकवली. सव्वासत्तावीस इंच भरले.

कामगार हसले. कुणीतरी म्हणालं, अजीजभाई, चिठ्ठी लावा. अजीजभाईंनी त्याच हसण्यात खिशातून पिवळी चिठ्ठी काढली आणि सीझरच्या पट्ट्याला बांधली. ते स्वतःही हसले होते. पुढे ते मला म्हणत, माप चुकलं त्याचं एक वेळ ठीक, मी हसलो का.

दौलतराव हसले नाहीत. ते टर्नर होते. आयुष्यभर त्यांनी एकच गोष्ट केली होती, जास्त असलेलं लोखंड कमी करणं. त्यांनी ती चिठ्ठी खरीच धरली. ते म्हणाले, "पिवळी हाय ना, लाल न्हाई. मग काय अडलं? जास्त हाय त्ये कमी करता येतं."

दुसऱ्या दिवसापासून सीझरचं दूध बंद झालं. अंडी बंद, मटण बंद. संध्याकाळी एक शिळी भाकरी पाण्यात भिजवून, बस. कोंडीरामला ताकीद होती की वर एक तुकडा गेला तर नोकरी गेली. शिवाय दौलतरावांनी लोखंडी पट्ट्यांची एक चौकट वेल्डिंग करून घेतली, आतून बरोबर सव्वीस इंच उंच, आणि दर शनिवारी ते सीझरला साखळीने ओढत त्या चौकटीखालून नेऊ लागले. मान अडकली की म्हणायचे, अजून हाय. आणि पुढच्या आठवड्यासाठी भाकरी अर्धी करायचे.

श्रावण लागला. मी सोमवार धरायची, शनिवार धरायची. उपास मलाही ठाऊक आहे. पण तो आपला आपण धरलेला असतो, संध्याकाळी सुटणार हे माहीत असतं, आणि ज्याच्यासाठी धरला तो बघतो आहे असा भरवसा असतो. शेडमध्ये बांधलेल्या त्या जनावराला यातलं काय कळत होतं? पहिले आठ दिवस तो भुंकला, मग रडला, मग सिमेंटची जमीन चाटायला लागला. जिथे पूर्वी मटणाचं पातेलं उतरवायचे ती जागा चाटून चाटून त्याने पांढरी केली. पुढे त्याने स्वतःची घाण खाल्लेली मी पाहिली आणि नळावरच मला ओकारी झाली.

मी दोन वेळा शेडच्या जाळीतून पोळी टाकली. तिसऱ्या वेळी ह्यांनी पाहिलं आणि हळूच म्हणाले की आपण त्यांच्या खोलीत राहतो, हे लक्षात ठेव. आणि मी टाकायचं थांबवलं. कुत्र्याची किळस येते म्हणून लांबून जाणारी बाई मी, आता तोंड फिरवून लांबून जायला लागले. ह्या सगळ्यात मला कुणाची जास्त शिसारी येते असं कुणी विचारलं तर दौलतरावांचं नाव मी आधी घेईन, पण माझंही नाव त्या यादीत आहे.

भाद्रपदातल्या एका शनिवारी सीझर चौकटीखालून आरपार गेला. दौलतरावांनी आनंदाने कोंडीरामच्या पाठीत थाप मारली आणि सगळ्यांना चहा सांगितला. अजीजभाईंनी चहा घेतला नाही. ते घरी आले आणि उंबऱ्यावर बसून राहिले. झुलेखाभाभींनी मला हाक मारली, म्हणाल्या, बघा ह्यांना काय झालं, जेवत नाहीत.

मी गेले तर ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "वहिनी, हाड कमी होत नाही. मानेचं माप उतरलं, पाठीचं उतरलं नाही. त्याची उंची कमी झाली नाही. त्याला मान वर धरवत नाही."

सोमवारी त्यांनी रजा टाकली. नोकरीत त्यांनी इतक्या वर्षांत दोनच रजा घेतल्या होत्या, दोन्ही मय्यतीच्या. बसने खडकीला गेले आणि तिथल्या जनावरांच्या एका डॉक्टरांना भेटले. परत आले तेव्हा चेहरा राखेसारखा झाला होता. डॉक्टरांनी सांगितलं होतं की कुत्र्याची उंची मानेवर घेतच नाहीत. पुढच्या पायांच्या वर, दोन खांद्यांची हाडं जिथे जवळ येतात, तिथे केस दाबून घेतात, आणि तेही सपाट जमिनीवर. मानेवर घेतली तर दोन इंच सहज जास्त दिसतात. वाढीच्या दिवसांत अल्सेशियन लंबूटांग दिसतोच, दहाव्या-बाराव्या महिन्यानंतर उंचीची वाढ जवळजवळ थांबते आणि अंग भरत जातं. नुसत्या उंचीवरून वाढत्या पिल्लाला मोठं ठरवू नये, बाप केवढा होता, पाय केवढे आहेत, चालतो कसा, हे सगळं पाहायचं. आधीचं ते दूध-अंड्यांचं चारणंही वाईटच होतं. पण आता उपाशी ठेवून उंची कमी होणार नाही, हाड मात्र कच्चं राहील, आणि मागचे पाय जातील.

अजीजभाई तसेच दौलतरावांकडे गेले आणि सांगितलं की माझं माप चुकलं. दौलतरावांनी ऐकूनच घेतलं नाही. त्यांना वाटलं, कुत्र्याची दया आली म्हणून अजीजभाई खोटं बोलताहेत. ते म्हणाले, "तुमी माझ्या मेव्हन्याला सोडलं न्हाई. तुमचं माप चुकतंय व्हय? जावा, काम करा."

तीन दिवसांत तीन वेळा गेले. तिन्ही वेळा तेच. ज्या माणसाचं माप कधी चुकत नाही त्याची चूक कोण मानणार? दौलतरावांकडे तेरा वर्षांत कमावलेला शब्द असा उलटा फिरून त्या जनावराच्या मानेवर बसला. अजीजभाईंनी मशिदीत जाऊन तौबा केली, मी माझ्या दत्तासमोर दिवा लावला. सीझर भिजवलेली अर्धी भाकरी खात राहिला. ह्यांनाही एकदा मी म्हटलं, तुम्ही बोला. हे म्हणाले, मी हजेरी लिहितो, कुत्र्याची नाही. त्यावर मी दोन दिवस ह्यांच्याशी बोलले नाही. त्याने कुणाचं काय भलं झालं?

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी वर्कशॉपात मशीनची पूजा असते. सगळी मशिनं धुऊन पुसून, हळदकुंकू लावून, झेंडूचे हार घालून ठेवलेली. अजीजभाईंनी दरवर्षीसारखी आपली मापाची हत्यारं स्वच्छ करून पांढऱ्या कापडावर मांडली होती, त्यावर फुलं दौलतराव घालत. आसपासचे मालक आले होते, सोपानरावही. आम्ही बायकांनी प्रसादाचे द्रोण भरले. प्रत्येक मशीनसमोर दोन-दोन पेढे ठेवले होते. लेथला पेढा, ड्रिलला पेढा, हवेच्या पंपालासुद्धा पेढा.

आरती झाल्यावर दौलतरावांनी कोंडीरामला खूण केली. कोंडीरामने सीझरला आणलं. त्यालाही हार घातला होता, कपाळाला कुंकू. बरगड्या एकेक मोजता येत होत्या. मागचे पाय आतल्या बाजूला वळले होते आणि चालताना एकमेकांना घासत होते. पेढ्यांच्या वासाने त्याच्या तोंडातून लाळ गळत होती ती तशीच हारावर. दौलतरावांनी चौकट आणवली आणि सोपानरावांना म्हणाले, "बघा. वासरू म्हनत व्हता ना? आता मापात हाय."

सीझर चौकटीखालून गेला. गेला आणि पलीकडे त्याचे मागचे पाय बसले. उठायचा प्रयत्न केला, पुन्हा बसले. कुणी हसलं नाही. सोपानरावांनी हातातला पेढा द्रोणात परत ठेवला.

अजीजभाई पुढे झाले. त्यांच्या टेबलाशेजारी जाड लोखंडी सपाट पाट होता, मोठे जॉब मोजायचा, त्यावर कधी कुणी साधा डबासुद्धा ठेवायचा नाही. त्यांनी त्यावरची पूजेची हत्यारं कापडासकट उचलून माझ्या हातात दिली. मग सीझरला दोन्ही हातांनी उचलून त्या पाटावर उभं केलं आणि मागून मांडीचा आधार दिला. आषाढात त्यांचा हात नुसता पट्ट्याला लागला होता, कुत्र्याला त्यांनी हात लावला तो त्या दिवशी पहिल्यांदा. नमाजी माणूस, लाळ लागली तर पुन्हा कपडे बदलून पाक व्हावं लागतं, तरी सगळी लाळ सदऱ्यावर गळत होती. खांद्याची हाडं बोटांनी चाचपली, केस दाबले, पट्टी टेकवली.

"सोपानराव, तुम्ही वाचा," ते म्हणाले. "माझ्या वाचण्यावर आज विश्वास नको."

सोपानरावांनी वाकून वाचलं. सव्वापंचवीस.

अजीजभाई सगळ्यांकडे बघून म्हणाले, "हा कधीच मोठा नव्हता. आषाढात मी मानेवर माप घेतलं. चूक माझी. पिवळी चिठ्ठी मी बांधली, आणि हे सगळं त्या चिठ्ठीने केलंय."

एवढं बोलून त्यांनी लेथसमोरचे दोन्ही पेढे उचलले आणि सीझरच्या तोंडापुढे धरले. देवाला दाखवलेला नैवेद्य त्याने एका जिभेत घेतला. मला वाटलं, आज पहिल्यांदा तो योग्य तोंडात गेला. कुणी मला पाखंडी म्हटलं तरी चालेल.

दौलतराव पांढरेफटक पडले होते. दया म्हणून नाही, सोपानरावांसमोर झालं म्हणून. त्यांना जे बोलायचं ते ते दुसऱ्या दिवशी बोलले. अजीजभाईंना म्हणाले की ज्याचं माप चुकतं असा इन्स्पेक्टर मला नको. महिनाभर जे ऐकायला तयार नव्हते ते त्यांना आता पटलं होतं. आणि कुत्र्याबद्दल म्हणाले, आता त्ये लाल चिठ्ठीचं हाय, घेऊन जावा.

सोपानरावांनी अजीजभाईंना आठ दिवसांत आपल्याकडे लावून घेतलं. कशासाठी, मला माहीत नाही. चांगुलपणाने असेल, दौलतरावांना टोचायला असेल. ज्या माणसाच्या एका वाक्यावरून हे सुरू झालं त्याच्याकडेच चाकरी करायची, हे अजीजभाईंनी कसं गिळलं ते त्यांनाच माहीत. आळंदी रस्त्याला त्यांनी खोली घेतली. दोन महिन्यांनी आम्हीही त्याच ओळीत खोली घेतली, कारण मला त्या जाळीसमोर राहवेना, आणि ह्यांनीच सामान बांधलं.

झुलेखाभाभींचं म्हणणं स्पष्ट होतं. घरात नमाज होते, कुत्रा आत येणार नाही. म्हणून दोन्ही घरांच्या मागे कडुनिंबाखाली अजीजभाईंनी पॅकिंगच्या फळ्यांची छपरी केली. पण आत येणार नाही म्हणणाऱ्या झुलेखाभाभीच रोज हाडं उकळून ते पाणी भातात कालवायच्या आणि लांबून थाळी सरकवायच्या. डॉक्टरांनी चुन्याचं औषध दिलं होतं. सीझर उभा राहिला, चालायलाही लागला, अंगही भरलं. मागचे पाय मात्र सरळ झाले नाहीत. तो पळायचा तेव्हा मागचा भाग एका बाजूला सरकायचा.

ह्या गोष्टीला वर्ष होऊन गेल्यावर, एका रविवारी सकाळी, दौलतराव आपल्या जावा मोटरसायकलवरून आले. मी अंगणात तांदूळ निवडत होते, अजीजभाई पलीकडे सायकल पुसत होते. गाडीचा आवाज ऐकला आणि सीझर छपरीतून बाहेर आला. त्याने दौलतरावांना पाहिलं, मान खाली घातली, अगदी चौकटीखालून जाताना घालायचा तशी, आणि उभ्या जागी त्याची लघवी झाली. एवढं मोठं जनावर, पाय पसरून, स्वतःच्या ओल्यात उभं.

दौलतरावांना ते दिसलं नाही, किंवा दिसूनही दिसलं नसेल. ते त्याच्या अंगाकडे बघत होते. म्हणाले, "चांगला भरला की. आता किती हाय उंची? जानेवारीत शो हाय, मापात असला तर बघू म्हनतो."

अजीजभाईंनी सायकलचं फडकं घडी करून सीटवर ठेवलं. हा माणूस रेशनच्या दुकानात रॉकेलचं मापसुद्धा नजरेने पडताळायचा. मुलींची उंची दर ईदला दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने मांडायचा.

ते म्हणाले, "मोजली नाही."

दौलतरावांनी गाडी वळवली. मग गाडीला किक मारून गेले. आवाज लांब जाईपर्यंत सीझर हलला नाही. अजीजभाई त्याच्याजवळ जाऊन बसले आणि हात पुढे करून नुसते थांबले, व्हर्नियर घ्यायच्या आधी थांबायचे तसे, तो आपणहून येईपर्यंत.

मी तांदळाचं सूप बाजूला ठेवलं. बादलीत पाणी घेतलं, खराटा घेतला आणि ती ओली जागा धुऊन काढली. लांबून पोळी टाकण्यापलीकडे कुत्र्याचं काही मी त्याआधी हाताने केलं नव्हतं. किळस आली का? आली. पण ती त्या ओलीची नव्हती.